दादांचं बंद तोंड आणि चायनीज सूप

यंदाच्या थंडीत आमच्या घरात जी सर्दी शिरली, ती पाहुण्यासारखी चपला काढून, पाणी पिऊन, बैठक मारून बसली. आधी बायको आडवी झाली, मग वडील, आणि दोघांचं करता करता मी. मी पाथरीत शिंकलो की मानवतच्या माणसानं रुमाल काढावा, अशी ती शिंक. बायकोच्या कपाळावर भाकरी टाकली असती तर दोन्ही बाजूंनी फुगली असती. टाकली नाही, कारण भाकरी थापणारीच अंथरुणात होती. आता हे रंगवून लिहितोय, पण तेव्हा हसण्याइतकंही बळ अंगात नव्हतं. नाक पुसायचं, गोळ्या द्यायच्या, काढा उकळायचा, भांडी घासायची आणि परत नाक पुसायचं. दुकानाचं शटर त्या आठवड्यात उघडलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. बायकोचा ताप उतरणीला लागला होता. वडिलांचा तर गेलाच होता, पण गोळीबरोबरच्या घोटभर पाण्याशिवाय त्यांच्या पोटात दोन दिवस काही नव्हतं. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. वय ऐंशीच्या घरात, अंगानं काटकुळे, आता तर अंथरुणात चादरीची घडी पडल्यासारखे दिसत होते. डॉक्टरांनी मला दाराशी नेलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं न्हाई तर परभणीला भरती करावं लागंल. ह्या वयात वाट बघून चालत न्हाई."

दादांना एरवी दारावरची बेल ऐकू येत नाही. 'भरती' मात्र भिंतीपलीकडून ऐकू गेलं.

"तुझी आई तिकडंच गेली होती," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. आई तिकडून परत आली नव्हती.

मऊ खिचडी केली, वरणाचं पाणी केलं, दूध दिलं. "ठिव तिथं," म्हणायचे. ठेवलेलं तसंच राहायचं. मला वाटलं, तोंडाला चव नसणार. माझीही जीभ मेलीच होती. गूळ कोणता आणि साबण कोणता हे बघूनच ओळखत होतो. तशात संध्याकाळी औषधं आणायला गेलो तर बसस्टँडजवळच्या चायनीजच्या गाड्यावरून असा काही वास आला की दोन दिवसांत पहिल्यांदा नाकाची एक बाजू उघडली. उभ्या उभ्या वाटीभर सूप प्यायलो. दुसरी बाजूही उघडली.

"काका, नुसतं सूपच प्यायलाव?" गाडेवाला म्हणाला.

"सर्दी हाय बाबा. लय दिवसांची."

"मंग मिरपूड वाढवतो की. माझ्या सुपानं एका ट्रकवाल्याची बारा वर्षांची सर्दी गेली. आता त्याला शिंकायचं असलं तर तपकीर ओढावी लागती."

धंदा वेगळा, पण माणूस आमच्याच जातकुळीचा थापाड्या निघाला, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला. दादांसाठी डबाभर न्यावं असं मनात आलं, पण आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही.

"ह्याच कढईत चिकन करतूस का? आमी लिंगायत हाव."

"ह्याच कढईत. गळ्यात लिंग घालणाऱ्याला खोटं कशाला सांगू? तुमी घरी करा, मी सांगतो."

माझं लिंग, म्हणजे ते छोटं इष्टलिंग, फक्त लग्नकार्यात गळ्यात असतं, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याची कृती ऐकून घेतली: आलं-लसूण बारीक चिरून तेलावर परतायचं, कोबी, गाजर, पातीचा कांदा घालायचा, पाणी, सोया सॉस, थोडं व्हिनेगर, वरून मिरपूड आणि शेवटी पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर.

पहिलं सूप त्याच संध्याकाळी झालं. दादांनी वाटीत पाहिलं. "ठिव तिथं." रंग काळा म्हणून नको असेल, असं समजून सकाळी सोया सॉसशिवाय पांढरं केलं. ठिव तिथं. मग मिरपूड इतकी घातली की वाफेनं भिंतीवरच्या पालीला ठसका लागला आणि ती शेजाऱ्यांकडं राहायला गेली. ठिव तिथं.

लेक पुण्यात असते. तिचा फोन आला. तिला सगळं सांगितलं.

"बाबा, गाड्यावरचं ते चायनीज चीनमधल्या माणसाला ओळखूसुद्धा येणार नाही. तिकडं सर्दीला आलं आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग उकळून ते पाणी पितात. त्यातच तांदूळ शिजवून पातळ पेज करतात."

"म्हंजे आपली आटवलच की."

"तेच. त्यानं ताप पळतो वगैरे लोकांना सांगत फिरू नका. घसा शेकतो, पोटात पाणी जातं, एवढं पुष्कळ आहे."

दुपारी चौथं सूप म्हणजे ती पेज केली. मंद आचेवर तासभर ढवळली. हात ढवळत होता आणि मी उभ्यानं पेंगत होतो. वाटी दादांसमोर धरली तेव्हा त्यांनी वास घेतला. घशातली गाठ वरखाली झाली. त्यांना ते हवं होतं, हे मला स्पष्ट दिसलं. आणि तरी त्यांनी वाटी बाजूला सारली.

तेव्हा माझा तोल गेला. "दादा, परभणीला जायचंय का?"

"न्हाई."

"मंग खा."

"न्हाई."

डॉक्टर यायला तीन तास राहिले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर बसलो. उठायचंच नाही असं ठरवून बसलो होतो.

बायको चार दिवसांत पहिल्यांदा उठून, भिंत धरत धरत तिथवर आली. ओट्यावरच्या भरलेल्या वाट्या पाहिल्या.

"दादांची पूजा झाली का?"

"कसली पूजा? ताप आल्यापासनं आंघोळच बंद केली म्या त्यांची. हीटरची कांडीसुद्धा कपाटावर टाकली."

तिनं ओट्याचा आधार घेतला. मग म्हणाली, "आंघोळ न्हाई, तर लिंगपूजा न्हाई. पूजा न्हाई, तर ते खातील कसं? तुमी ह्याच घरात वाढलाव न्हवं?"

मी ह्याच घरात वाढलो. पण दादा पहाटे पाचला उठतात. मी डोळे चोळत उठतो तेव्हा त्यांची आंघोळ, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा, सगळं आटोपून ते कपाळाला भस्माचे पट्टे लावून पेपर वाचत असतात. साठीला आलो, पण मी दादांना कधी बिनपूजेचं पाहिलंच नव्हतं. मग पूजेवाचून ते जेवत नाहीत हे मला दिसणार तरी कुठून?

दादांजवळ गेलो. "सांगायचं न्हाई का?"

"तू म्हणलास, आंघोळ न्हाई."

"म्हणलो."

"मंग जेवण कशाचं?" त्यांनी चादर अंगावर ओढली. "मला वाटलं, तुला ठाऊक हाय. ठाऊक असूनच म्हणायलास."

मी बंदी घालायची आणि त्यांनी पोराचं ऐकून तीन दिवस उपाशी पडायचं. भरतीची एवढी भीती, तरी माझा शब्द मोडला नाही. चार सुपांचा घाम गाळला तेव्हा दमलो नव्हतो इतका त्या एका वाक्यानं दमलो.

बायको पलंगाच्या कडेला टेकली. "दादा, बाळंतपणात तुमीच मला म्हणला होता, भस्म लावलं की ती बी आंघोळच."

"ते बाळंतिणीला."

"अन् तापातून उठलेल्याला न्हाई? का पुरुषाला वेगळा कायदा हाय?"

दादांनी छताकडं बघत बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "न्हाई. तसं न्हाई." आणि हात पुढं केला.

तिनं ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसलं. त्यांनी कपाळाला, दंडांना, छातीला भस्म लावलं. मी पाठीमागं बसून त्यांना टेकू दिला. तळहातावरचं लिंग थरथरत होतं, म्हणून मी खालून माझाही हात लावला. बेलाचं पान, पाण्याची धार, तळहातातलं तीर्थ. एवढ्याला अर्धा तास लागला.

पेज परत गरम केली. दादांनी चमचा तोंडात घातला, गिळला, दुसरा घेतला.

"मीठ न्हाई," म्हणाले. खरंच घातलं नव्हतं. मीठ टाकून दिलं. वाटी संपवून अर्धी आणखी मागितली.

डॉक्टर आले, रिकामी वाटी पाहिली, नाडी पाहिली आणि परभणीचं नाव न काढता गेले. मी पलंगाशेजारी खाली सतरंजीवर पडलो होतो.

"ह्यालाबी दे वाटीभर," दादा बायकोला म्हणाले. "कालधरनं उभाच हाय त्यो."

वाटी आली तोवर मला झोप लागली होती. घोरण्यानं पलंग सरकत होता म्हणे. पण ते बायको सांगते, आणि ती जरा वाढवून सांगते.