कार्डावरची माणुसकी

पुरात आमच्या दारी लष्कराची बोट लागली. साहेबांच्या हातात स्थानिक संस्कृतीच्या प्रशिक्षणात मिळालेलं कार्ड होतं. ते वाचून साहेब सासूबाईंना म्हणाले, "माताजी, घरातून निघून जा."

"मेला मला माझ्याच घरातून हाकलतोय!" सासूबाई खाटेवर आणखी घट्ट बसल्या. पाणी खाटेला टेकलं. कार्डावरून माणसं शिकणाऱ्यांची मला कीव येते. पण भाषांतराच्या कामात त्या दिव्य कार्डाचं मराठी मीच लष्कराला करून दिलेलं.

शेवटी वल्हं धरलेला तमिळ जवान हात जोडून म्हणाला, "आई, 'येते' म्हणा." आधीच्या घरांतल्या बायकांकडून, त्या घर सोडताना, त्यानं ते ऐकलं होतं.

सासूबाई उठल्या, देवघराकडे वळून "येते हं" म्हणाल्या आणि बोटीत बसल्या.

साहेबांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "येते म्हणजे जाते ना? लिहून द्या."

मी लिहून दिलं.