फुंकर

आईच्या उजव्या गालात गेल्या वर्षभरापासून विजेसारखी कळ येते. वैद्यांनी दिलेली मुळी सहाणेवर उगाळून ती रोज लेप लावते आणि वाळेपर्यंत पंखा बंद करून बसते, कारण वाऱ्यानेही कळ उठते. आज लेप धुतल्यावर गाल भाजल्यासारखा लाल दिसला.

“औषध उष्ण आहे, लागू पडतंय,” ती म्हणाली.

लहानपणी माझ्या खरचटलेल्या गुडघ्यावर ती घालायची, तशी मी नकळत फुंकर घातली. ती भिंत धरून उभी राहिली. कळ ओसरल्यावर म्हणाली, “तेवढं नको करूस, बाळा.”

औषधं हरली तरी फुंकर उरते, असं मला वाटायचं.

संध्याकाळी ती पुन्हा सहाणेपाशी बसली. मी खिडक्या लावल्या आणि श्वाससुद्धा जपून घेत लांब उभा राहिलो.