तिसऱ्या खांबातला वरवंटा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शिकवायला येणार नाही. मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. चौतीस वर्षं मुलींच्या इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. वर्गात कुणी अंगात येण्याच्या गप्पा सुरू केल्या की मी तिला फळ्याजवळ उभी करून न्यूटनचे नियम लिहायला लावत असे. या सदरातले अनुभव वाचून मी यांना नेहमी म्हणायचे, "लोकांची झोप पुरी होत नाही, दुसरं काय." आणि आज मीच लिहायला बसलेय... का, ते शेवटी सांगते.

आमचं घर झाशीत, खंडेराव गेटच्या बाहेर डावीकडच्या दुसऱ्या गल्लीत. सासऱ्यांनी बांधलेलं, चांगलं भक्कम. फक्त स्वयंपाकघर त्या काळातलं — खाली बसून स्वयंपाक करायचा, वीतभर उंच ओटा, आणि कोपऱ्यात फरशीत बसवलेला पाटा. माझे गुडघे गेले तशी मी टेबलावर गॅस ठेवून वेळ मारून नेत होते. पण गेल्या वर्षी आमच्या ईशाला दिवस गेले. ती भोपाळला असते. आधीचं एक तिचं राहिलं नव्हतं, चौथ्या महिन्यात गेलं, म्हणून यावेळी सगळ्यांचाच जीव मुठीत. सातवा लागला की तिने बाळंतपणाला इकडे यायचं ठरलं. मी म्हटलं, डिंकाचे लाडू, बाळाचं पाणी, तिचं पथ्याचं जेवण... हे सगळं त्या टेबलावर होणार नाही. मला उभा ओटा पाहिजे.

मऊरानीपुरचा एक मिस्त्री ठरवला. त्याने जुना ओटा फोडला, पाटा काढताना त्याचे दोन तुकडे केले, आणि गव्हाच्या कापणीला म्हणून गावी गेला तो गेलाच. फोन केला की, "बस परसों आ रहे हैं, मैडम जी." असे पाच परसों झाल्यावर मी यांना म्हटलं, "अहो, तुम्ही जन्मभर सरकारी खात्यात धरणांचे नकाशे काढलेत. एक ओटा आपल्याला जमणार नाही का?"

जमला. फुशारकी नाही मारत, पण उत्तम जमला. यांनी कागदावर इंच न् इंच मांडून नकाशा काढला. विटा मी भिजवायची, सिमेंट हे कालवायचे. माझ्या उंचीला बेतून विटांचे चार खांब, त्यावर काळा ग्रॅनाइट. एप्रिलचं ऊन, घामाच्या धारा, आणि आम्ही साठी उलटलेले दोघं थापी-लेव्हल घेऊन भांडतोय. लग्नानंतर इतकी मजा आम्हाला क्वचितच आली असेल.

आता चूक सांगते. चूक माझी आहे. तिसऱ्या खांबात, सिंकच्या बाजूला, पाइपसाठी आम्ही जागा सोडली होती. पाइप नंतर दुसरीकडून नेला आणि ती पोकळी भरायची राहिली. हे म्हणाले, "एखादा मोठा दगड दे." मलब्यात वरवंटा पडला होता. पाटाच फुटलेला, आता एकट्या वरवंट्याचं करायचं काय? मी तो उचलून यांच्या हातात दिला.

यांनी घेतला, पण हात तसाच राहिला. "अगं, हा ईशाच्या बारशाचा ना?"

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बारशाला वरवंट्याला तेल-पाणी करून, टोपडं घालून, बाळासारखा सजवतात. पाळण्यात आधी तो, मग बाळ. बायका त्याला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात. थोडक्यात, घरातलं पहिलं मूल तो. ईशाच्या आधी यांच्या, यांच्या आधी यांच्या थोरल्या बहिणीच्या बारशाला हाच वरवंटा होता.

मी म्हटलं, "दगड आहे तो. मिक्सर आहे आपल्याकडे. घाला."

यांनी घातला. वरून सिमेंट भरलं, विटेने तोंड बंद केलं, टाइल मी लावली. रोज दोन वेळा मी त्या खांबावर पाणी मारत होते.

पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी बाहेरच्या खोलीत लसूण सोलत होते, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. घसर... घसर... घसर. मग जरा थांबायचा, चटणी बोटाने गोळा करायला थांबतात तेवढाच. पुन्हा घसर... घसर. मी आत गेले. कुणी नाही. आवाज मात्र चालू. सात-आठ मिनिटं चालला आणि बंद झाला.

मी घाबरले नाही. मी कामाला लागले. पंप बंद केला, टाकीचा कॉक बंद केला, फ्रिजची पिन काढली. दुसऱ्या दिवशी चारला आवाज पुन्हा. स्टीलचा पेला उलटा धरून एकेका खांबाला कान लावला. पहिला, दुसरा, चौथा, काही नाही. तिसऱ्यातून स्पष्ट येत होता. तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर चिमूटभर रांगोळी पसरली. एवढा घासण्याचा आवाज असेल तर दगड थरथरणार, आणि रांगोळीचे कण हलायलाच हवेत. हे साधं शास्त्र आहे. आवाज आला, आणि एक कण हलला नाही. मी वाकून बघत होते, श्वाससुद्धा रोखून. कण जागचा हलला नाही.

यांना म्हटलं, "सिमेंट सुकताना आक्रसतं, त्याचा आवाज असेल." यांना ते पटलं नव्हतं, आणि खरं तर मलाही नव्हतं.

त्यानंतर एकदा शेजारच्या कुसुमा भाभी दारातून डोकावल्या. "जिज्जी, आज का पीस रईं? सिल की आवाज हमाए आँगन लों आ रई." सिल म्हणजे आपला पाटा. मी म्हटलं, काही नाही, मिक्सर. त्या म्हणाल्या, "मगर सिल तो तुमाई टूट गई ती." आणि निघून गेल्या. म्हणजे माझ्या कानांचा दोष नव्हता.

आवाज सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले, आवाज नाही. मी खूश. यांना हाक मारून सांगितलं, "बघा, सेट झालं सिमेंट. म्हटलं नव्हतं?" आणि फोन वाजला.

ईशा होती. आवाज अगदी शांत, आणि ती अशी शांत फक्त वाईट काही असलं की बोलते. "आई, सकाळपासून बेबी हिलत नाहीये. आम्ही हॉस्पिटलला पोचतोय. तू घबरा मत."

भोपाळची गाडी सव्वासहाला. हे कपाटातून पिशवी काढायला लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. अकरा दिवस ज्या आवाजाचा मला वैताग होता तो यावा म्हणून मी तिथे उभी होते, हे माझं मला कळलं, आणि मग मला राहवलं नाही.

"अहो, छिन्नी-हातोडी कुठे आहे?"

यांनी का म्हणून विचारलं नाही. पिशवी टाकली, हातोडी आणून दिली, आणि आमच्या मोटारीचा जॅक आणून ग्रॅनाइटच्या खाली लावला. मी जमिनीवर बसले. ज्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्याच गुडघ्यांवर. मी लावलेली टाइल मीच फोडली, मग वीट. सिमेंट चांगलं पक्कं झालं होतं, आम्ही काम चोख केलं होतं ना. वरचा दगड एकदा कट् करून वाजला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला. मी थांबले नाही. रडत होते, शिव्या घालत होते, कुणाला ते विचारू नका.

वरवंटा हाताला लागला. ओढला तर अलगद बाहेर आला. तो सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असायला हवा होता. नव्हता. मी आत हात घातला. पोकळी त्याच्यापेक्षा चार बोटं लांब होती आणि खालची बाजू गुळगुळीत, पाट्यासारखी झिजलेली. तळाशी राखाडी पूड साचली होती. हे बॅटरी घेऊन आले, त्यांनीही हात घालून पाहिलं.

मी वरवंटा नळाखाली धुतला, पदराने पुसला आणि मांडीवर घेऊन बसले. काय करत होते मला माहीत नाही. हे सांगतात की मी त्याला थोपटत होते, आणि "चुकलं माझं" एवढंच म्हणत होते.

थोड्या वेळाने फोन आला. ईशा हसत होती आणि रडतही होती. "आई, लात मारली. जोर से." मागून जावई सांगत होते की ठोके ठीक होते, पण बाळ हलत नव्हतं, सगळे मॉनिटरकडे बघत बसले होते, आणि पाच वाजून दोन मिनिटांनी एकदम. यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी चुकू नये म्हणून ते सारखे घड्याळ बघत होते. वरवंटा बाहेर आला तेव्हा पाच वाजून दोन मिनिटंच झाली होती.

डॉक्टर म्हणाल्या, पोटात बाळं झोपतात, होतं असं. मान्य. वेळ जुळणं योगायोग, तेही मान्य. पण त्या पोकळीच्या तळाचा झिजलेला सिमेंटचा तुकडा मी जपून ठेवलाय. बंद खांबात, हलायला जागा नसताना, दगडाने बारा दिवसांत सिमेंट कसं घासलं, हे मी कॉलेजातल्या दोघा जुन्या सहकाऱ्यांना विचारलं. दोघांनी तो हातात घेऊन पाहिला आणि चहा मागितला.

नातीचं बारसं त्याच स्वयंपाकघरात झालं. तडकलेला ग्रॅनाइट मी बदलला नाही, खाली लोखंडी पट्टी लावून घेतली. वरवंट्याला टोपडं घालताना ईशाने विचारलं, "आई, इसपे सिमेंट कसं लागलं?" मी म्हटलं, काम चालू होतं, लागलं असेल. तिने नखाने तो ठिपका खरवडला आणि त्याला माझ्या हातात दिलं.

ईशा मराठी बोलते, पण पानभर मराठी वाचायचा तिला कंटाळा आहे. ती हे वाचणार नाही, म्हणून इथे लिहिते. हे चांगले आहेत, सगळ्यांना सांगतात की चुकून मलब्याबरोबर खांबात गेला. तो चुकून गेला नव्हता. मी माझ्या हाताने उचलून दिला होता.