कप्तान पडली नाही

तिला सगळे स्प्रिंग म्हणायचे, कारण पडली की लगेच उभी राहायची. सिनेमात नायिकेच्या वाटचा मार ती खायची. मार द्यायची वेळ आली की मात्र तिचा थोरला भाऊ दाढी घोटून, केसांचा टोप चढवून नायिका व्हायचा. ‘‘बाईच्या हाताला वजन नसतं,’’ तो म्हणायचा.

अंतराळातल्या एका सिनेमात नायिका यानाची कप्तान होती. पण शेवटच्या मारामारीत तिनं बेशुद्ध पडायचं आणि नवऱ्यानं येऊन वाचवायचं, असं ठरलेलं. तालमीत दादाचा गुडघा निखळला आणि कप्तानाचा पोशाख स्प्रिंगच्या अंगावर आला.

समोर परग्रहावरचा सैनिक होता, दादाचाच दोस्त, रबरी मुखवट्यात. ‘‘रडू नकोस म्हणजे झालं,’’ तो म्हणाला.

पहिले दोन ठोसे ठरल्याप्रमाणे हवेत गेले. तिसरा त्यानं आवरलाच नाही. तिचा पुढचा दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. ते रंगाचं रक्त समजून दिग्दर्शकानं कॅमेरा चालूच ठेवला. दोस्तानं तिचे केस धरून डोकं यानाच्या पत्र्यावर आपटलं. एकदा. पुन्हा.

इथं तिनं पडायचं होतं. ती पडली नाही. कोपर त्याच्या गळ्यात घातलं, तो वाकताच गुडघा हनुवटीवर हाणला. काडकन आवाज झाला. तो आडवा झाल्यावरही ती त्याच्या छातीवर बसून मारत राहिली. दादा लंगडत आला, तिला कमरेला धरून ओढलं.

‘‘सोड, मरेल तो.’’

‘‘हे त्याला का नाही सांगितलंस?’’

दोस्ताचा जबडा मोडला होता. त्याला गाडीत घालून नेल्यावर दिग्दर्शक हळूच म्हणाला, ‘‘शॉट झकास आहे. पण मग नवरा कशाला येणार?’’

तिनं टॉवेलात रक्त थुंकलं. ‘‘येऊ दे की. दारात उभं राहून बघू दे.’’

सिनेमात तसंच राहिलं. चेहरा नायिकेचा, हात हिचे. पण तिला कामाला बोलावणं बंद झालं. बाई हाताबाहेर गेलीय, असं जो तो म्हणू लागला.

एकदा जेवताना ती दादाला म्हणाली, ‘‘मारताना मला बरं वाटत होतं रे. त्याचीच भीती वाटते.’’

दादानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, ‘‘ठोसा आवरायला शिकवतो. नायिकेची मारामारी यापुढे तूच कर.’’

दादानं शब्द टाकून तिला पुढच्या सिनेमात घ्यायला लावलं. समोर तोच दोस्त आला, वाकड्या जबड्याचा. त्याच्यासाठी जमिनीवर आखलेल्या खुणेपासून हातभर मागेच उभा राहिला.

‘‘जवळ ये,’’ ती म्हणाली. ‘‘आता मला थांबता येतं. तुला येतं का?’’