सुई घेणाऱ्या मुलांच्या शोधात

सोलापूरहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा पिशवीत छापील तक्ते होते. धाराशिव जिल्ह्यात लहानपणीच मधुमेह जडलेली, रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागणारी मुलं किती, एवढंच शोधायचं होतं. पुण्यातल्या आमच्या संस्थेत याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मी डॉक्टर नाही, मोजणारी आहे. निघण्याआधी माकणीच्या आशाताईंचा, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीचा, फोन आला होता. त्यांच्या गावातल्या एका बाईंची मोठी मुलगी गेली होती, धाकटी सुईवर होती. त्यांना काही विचारायचं होतं आणि डॉक्टरांपुढे त्यांचं तोंड उघडत नव्हतं.

पहिला मुक्काम तामलवाडी. पारावरच्या एका आजोबांनी विषय ऐकून खिशातून स्वतःच्या गोळ्यांची पट्टीच काढून दाखवली. शुगर गावात लई जणांना आहे, पण ती म्हाताऱ्यांना. लेकरांना कुठून येणार, असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. दिवसभर घरं पालथी घातली, एकही नाव मिळालं नाही. संध्याकाळी एका घरी माडगं (हुलग्याचं पातळ कढण) प्यायले आणि तक्त्यात शून्य लिहिलं. माडगं झकास होतं. शून्य काही पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यातल्या एका गावी जाताना डोळा लागला आणि थेट पुढच्या फाट्यावर उतरले. भर उन्हात चालत मागे यावं लागलं. तिथल्या एका शिक्षकांनी आधी चहा दिला, मग दार लोटून घेतलं आणि मगच सांगितलं की त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला सुई लागते. इन्सुलिनच्या बाटल्या ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात, देवघराखाली ठेवल्या होत्या. वीज जाते हे एक कारण, आणि फ्रीज कुणीही उघडतं हे दुसरं. शेजारीपाजारी रक्तवाढीची इंजेक्शनं म्हणून सांगितलं होतं, कारण उद्या सोयरीक अडायला नको. कागदावर गावाचं नाव घालू नका, अशी त्यांनी विनंती केली. मला राग आला. मुलगी समोरच गणितं सोडवत होती. राग कुणावर काढायचा ते कळेना. तक्त्यात फक्त तालुका लिहिला.

तिसऱ्या दिवशी माकणी. धरणाचं पाणी डाव्या हाताला ठेवून आशाताईंबरोबर त्या बाईंच्या शेतातल्या घरी पोचले. सुमनबाई भाकरी थापत होत्या. सहा वर्षांची धाकटी दंड पुढे करून बसली होती. आईने हात पुसले, सुई दिली आणि लगेच अर्धी भाकरी तिच्यापुढे ठेवली. इतकं सफाईदार काम मी दवाखान्यातही पाहिलेलं नाही. मी तक्ता भरला. मग धाकटीला बाहेर पाठवून त्या माझ्यासमोर बसल्या.

"ताई, मोठी लई पाणी प्यायची. अंथरूण भिजवायची. सासूबाई म्हणल्या, पाणी तोडा. म्हणून म्या तांब्या उचलून ठिवायची. त्यानं गेली का ती?"

असले प्रश्न मी एरवी डॉक्टरांकडे ढकलते. त्या दिवशी ढकलवेना. ती खात असून वाळत गेली होती का, शेवटी श्वास जोरात चालला होता का, असं विचारलं. दोन्हीला त्यांनी व्हय म्हटलं.

"धाकटीचाच आजार होता तो," मी म्हणाले. "नुसतं पाणी देऊन ती वाचली नसती. तिला सुई हवी होती, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

सुमनबाई पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मग तिचं नाव बी लिवा. मोठी हाय, आधी लिवा."

तक्त्यात तशी जागा नव्हती. धाकटीच्या नावाच्या वर, समासात लिहिलं.

पुण्यात परतल्यावर ते नाव खोडलं गेलं. तपासणीचा कागद नाही, पुरावा नाही. नियमाला धरूनच होतं. दुसऱ्याच्या तक्त्यातलं मीही खोडलं असतं. आकडा लहान आला म्हणून बैठकीत सगळ्यांना बरं वाटलं. मला वाटलं नाही. महिन्याभराने दुसऱ्या तालुक्यात गेले. घरात किती मुलं आहेत हे मी आता नंतर विचारते. आधी विचारते, किती होती.