वाम कुणी लावली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

आमच्या हॉलमध्ये एक फोटो आहे. मागे आखातातल्या बरका गावचा समुद्र, पुढे मी आणि माझ्या हातांत हमूर मासा — केवढा थोरला! पाहुणे वा वा करतात. मी हसतो. निर्लज्जच की!

फोटो बशीरभाईंनी काढलाय. मूळचे रत्नागिरीचे, बरकात त्यांचं दुकान होतं. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी शहरातून, रुवीहून, जायचो आणि आम्ही दोघं खडकावर गळ टाकून बसायचो. गळाला जिवंत वाम मासळी लावली की हमूर येतोच, म्हणायचे. मला ती वळवळ बघूनच शिसारी — सापच की तो! मग माझ्या गळालाही तेच लावून द्यायचे, वर चिडवायचे. अशी अकरा वर्षं. मोठा हमूर मात्र त्यांना एकदाही लागला नाही. कायमचं गावी जायच्या आधी एक तरी लागू दे, इन्शाल्ला — एवढंच त्यांचं मागणं.

तो शेवटचा शुक्रवार. समुद्र आणि आभाळ एकाच दुधाळ रंगाचे. कुठे काय संपतं कळत नव्हतं. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाला ते वस्तीतल्या मशिदीत गेले, त्यांची गळाची काठी माझ्यावर सोपवून. त्यांच्या गळाला वाम होती, माझ्या गळाला मेलेली तारली.

आणि त्यांची काठी वाकली.

मासा मी ओढला. कसा, आठवत नाही — सगळं झोपेत घडावं तसं. तो खडकावर आला, आणि मी — काय केलं मी? त्यांची दोरी कापली. जबड्यातून त्यांचा गळ सोडवला. आयुष्यात पहिल्यांदा वामेला हात लावला, अजून हलत होती ती, आणि गळासकट पाण्यात फेकली. मग तारली काढून माझा गळ त्या जबड्यात अडकवला. शिसारी? छे, आठवलीसुद्धा नाही.

ते परत आले. तुमची दोरी खडकाला घासून तुटली, म्हणालो.

"आणि ह्याला वाम तू लावलीस? स्वतः?"

"हो."

त्यांनी मला मिठीच मारली. "शाब्बास रे पुणेकरा!" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. हेवा नव्हता हो — नावालाही नव्हता.

परवा त्यांना फोन केला. रत्नागिरीत त्यांच्या घरापासून जेटी पाच मिनिटांवर आहे. गळ टाकता की नाही, विचारलं. सोडलं ते, म्हणाले; आपल्या हाताला मोठा मासा नाहीच रे, अकरा वर्षं बघितलं ना.

मी म्हणालो — हो, ज्याचं त्याचं नशीब.