बलदमध्ये बायकोसाठी खोली

सतरा वर्षं मी जेद्द्याच्या बलदमध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या भागात, एका लहान हॉटेलच्या काउंटरवर बसलो. उमऱ्याच्या यात्रेसाठी मक्केला निघालेली, घाऊक माल न्यायला आलेली, कधी विमान चुकलेली माणसं यायची. त्यांना खोली द्यायची, एवढंच काम. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, माझा हुद्दा सफाई कामगाराचा होता आणि मला आणलंही त्याच कामासाठी होतं. उर्दू आधीपासून येत होती, अरबी हळूहळू आली, तसा झाडू सुटला आणि चाव्यांचा फळा माझ्याकडे आला.

खोली द्यायची माझी एक पद्धत होती. माणूस दारातून आत आला की आधी त्याच्या चालण्याकडे बघायचं. गुडघे दुखत असतील तर पहिला मजला. पहाटेच्या नमाजाला उठणारा असेल तर मशिदीच्या बाजूची खोली, व्यापारी असेल तर मागची, कारण तो उशिरापर्यंत झोपतो. म्हातारी जोडपी आली की दोन वेगळ्या खाटा. आमच्याकडे जागा नसली तर गल्लीतलं दुसरं हॉटेल सांगायचो आणि तिथली कुठली खोली घेऊ नका तेही सांगायचो. माझं चुकलं असं कोणी परत येऊन म्हटल्याचं मला आठवत नाही.

मग काउंटरवर सौदी माणूसच हवा असा नियम आला. त्याआधी मोबाइलची दुकानं गेली होती, मग चष्म्यांची, घड्याळांची. गल्लीतली ओळखीची माणसं एकेक करून गावाला गेली होती. त्यामुळे मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, मॅनेजरने मला आत बोलावून ‘तुझं इथलं काम खलास, महिनाभरात खुरूजचे कागद होतील’ असं सांगितलं, तेव्हा मी मान हलवली आणि बाहेर येऊन एका गिऱ्हाइकाला टॉवेल दिले. खुरूज म्हणजे कायमचं परत जायचं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. सांगताना तो माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होता.

माझ्या जागी एक सौदी बाई आली. तीस-बत्तिशीची, विधवा, याआधी कुठेही नोकरी न केलेली. तिला शिकवायचं काम माझ्याकडेच आलं. ती मला ‘अम्मी’ म्हणायची. अरबीत अम्मी म्हणजे माझे काका. आमच्याकडे अम्मी म्हणजे आई, त्यामुळे पहिले काही दिवस मी मागे वळून बघायचो. कुठल्या खोलीचा नळ गळतो, कुठली चावी उलटी फिरवावी लागते, हे सगळं ती वहीत लिहून घ्यायची. खरं तर तिचा राग यायला हवा होता. आला नाही. वाईटही वाटलं नाही. महिनाभर काही वाटतच नव्हतं. दात काढायला इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो, तसं चाललं होतं.

बायकोला फोनवर सांगितलं. आमचं गाव रत्नागिरीकडे, खाडीच्या काठाला. मुलं लहान होती म्हणून ती कधी जेद्द्याला आली नाही. मुलं मोठी झाली तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळली. नऊ वर्षं बायकोनेच तिचं सगळं केलं. आई मागच्याच वर्षी गेली.

“आता कायमचेच येताय ना?” तिने विचारलं.

“होय.”

“मग तुम्ही निघायच्या आधी मी एकदा तिकडे येते.”

मी उमऱ्याच्या व्हिसाची खटपट केली. गावातलं एक जोडपं निघालं होतं, त्यांच्या सोबतीने तिने यायचं ठरलं. पंधरा दिवसांचा मुक्काम. मक्केला उमरा करायचा आणि बाकीचे दिवस जेद्द्यात, कारण माझे कागद व्हायचे होते आणि मला शहर सोडून राहता येत नव्हतं.

तिच्यासाठी जागा शोधायला निघालो आणि पहिल्याच दिवशी अडलो. मॅनेजर म्हणाला होता, आपल्याच हॉटेलात हवी ती खोली घे. पण जिथे इतकी वर्षं लोकांच्या बॅगा उचलल्या, तिथे बायकोला पाहुणी म्हणून न्यायचं मनाला येईना. मग जवळच प्रवाळाच्या दगडाचं एक जुनं घर दुरुस्त करून त्यात खोल्या काढल्या होत्या, तिथे गेलो. लाकडी जाळीच्या मोठ्या खिडक्या, रंग नवीन, आत उदाचा वास. काउंटरवरच्या सौदी तरुणाने मला इंग्रजीत विचारलं, किती रात्री? हा प्रश्न मी स्वतः रोज विचारत होतो. उत्तर द्यायची वेळ आजवर आली नव्हती. मी पायऱ्या उंच आहेत असं काहीतरी पुटपुटून बाहेर आलो.

शेवटी बाब मक्का या जुन्या वेशीच्या बाजूचं एक हॉटेल धरलं. दुसऱ्या मजल्यावरची खोली, लिफ्ट चालू, मक्केच्या बसला चालत जाता येईल इतकं जवळ. नळ सोडून बघितला, गादी उलटून वास घेतला, खिडकी उघडते का ते पाहिलं, एसी लावून पाच मिनिटं उभा राहिलो. कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती. ही खोली मी कोणालाही डोळे मिटून दिली असती.

ती विमानतळाच्या दारातून बाहेर आली तेव्हा मी आधी तिच्या चालण्याकडे बघितलं. ती सवयच. डावा पाय जरा ओढत होती. फोनवर कधी बोलली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, आईंना उचलताना एकदा लचक भरली, झाली त्याला चार वर्षं.

दुसऱ्या दिवशी मक्केला जाऊन उमरा केला. ती खूप रडली. मी तिच्या शेजारी उभा राहून तिची चप्पल आणि पाण्याची बाटली सांभाळत होतो. दुआ मागायला हात उचलले, पण शब्द तोंडातून नुसते जात राहिले. त्यानंतर आम्ही जेद्द्याला खोलीत आलो आणि तिथून पुढे काय करायचं ते दोघांनाही कळेना. सतरा वर्षांत मी आठ वेळा सुट्टीवर गेलो होतो. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असायचं. एका बंद खोलीत आम्ही दोघंच असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. ती एका खाटेवर बसायची, मी दुसऱ्या. खाली जाऊन मी तमीसची रोटी आणि फूल नावाची घोटलेल्या कडधान्याची उसळ घेऊन यायचो, आम्ही कागदावर घेऊन खायचो, मी कागद गोळा करून टाकायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, “दोन खाटा त्यांनी दिल्या, का तुम्ही मागितल्यात?”

“मी मागितल्या.”

फॉर्म भरताना हात आपोआप दोन खाटांकडे गेला, दोघांची वयं बघितली आणि खूण केली, जशी परक्यांसाठी करायचो तशी.

चौथ्या दिवशी मला इकाम्याची जुनी झेरॉक्स लागत होती. ती माझ्या ट्रंकेत, म्हणजे आमच्या हॉटेलात होती. मी निघालो तर तीही चप्पल घालून उभी राहिली. मी म्हटलं, लगेच येतो, तू पड. ती म्हणाली, तुम्ही राहत होतात ती जागा बघायची आहे.

मी तिला तिथे न्यायचं टाळत होतो. घरी मी कायम ‘माझी रूम’ असंच म्हणत आलो होतो. ती रूम जिन्याखाली होती, पाण्याच्या पंपाला लागून. निम्म्या भागात मला ताठ उभं राहता यायचं नाही. मी गेल्यावर तिथे चादरींचे गठ्ठे रचायला सुरुवात झाली होती. बायको वाकून आत गेली, गठ्ठा जरा सरकवून माझ्या गादीवर बसली. भिंतीवर मुलांचे शाळेतले फोटो होते, ते तिने बघितले. तेवढ्यात पंप सुरू झाला. पूर्ण भिंत घुमायला लागली.

“फोनवर यायचा तो आवाज हाच,” ती म्हणाली.

“होय.”

“एसीचा म्हणाला होतात.”

मी ट्रंकेतले कागद खालीवर करत राहिलो. खोलीत एसी नव्हता, कधीच नव्हता. ती पंप बंद होईपर्यंत बसली. मग उठली, भिंतीवरचे फोटो सोलून काढले आणि पिशवीत ठेवले.

बाहेर आलो तर त्या सौदी बाईने तिला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि थर्मासातला चहा दिला. ती अरबीत बोलत होती, बायको मराठीत, आणि दोघींना त्याचं काही वाटत नव्हतं. जरा वेळाने बायको माझ्याकडे वळून म्हणाली, “यांना विचारा, कुठे चूल असलेली खोली मिळेल का. त्या हॉटेलात मला नाय राहायचं.”

मी विचारलं. बाई हसली आणि म्हणाली, अम्मी, माझ्या आत्याकडे आहे, पण तसली खोली तुम्ही कुठल्याच गिऱ्हाइकाला दिली नसती.

खरंच दिली नसती. घर चार मजल्यांचं, जुनं, लिफ्ट नाही, प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची. खोली गच्चीवर, पूर्वी घरातली माणसं उन्हाळ्यात झोपायला वर जायची तिथली. पाणी फक्त दुपारपर्यंत. एक शेगडी, एक मोरी, जमिनीवर रुंद गादी. मी बायकोला तिच्या पायाची आठवण करून दिली. ती तोपर्यंत दोन मजले चढून गेली होती, मध्ये थांबत, कठड्याला धरून. वर पोचल्यावर तिने चारी बाजूंना बघितलं. खालच्या बाजाराचा आवाज येत होता. शेजारच्या गच्चीवर कोणाचे तरी कपडे वाळत होते.

“इथे राहूया,” ती म्हणाली.

हॉटेलची खोली सोडून आम्ही त्याच संध्याकाळी सामान हलवलं. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराण्याच्या दुकानातून, मी तांदूळ, कांदे, तेल आणलं. तिने गावाहून सुकट आणि आमसुलं आणली होती. इतके दिवस ते सगळं बॅगेतच होतं, हॉटेलात वास येईल म्हणून काढलं नव्हतं. तिने सुकटीचं कालवण केलं. मी जेवलो आणि आडवा झालो.

त्यानंतर मी जवळजवळ दोन दिवस झोपलो. आजारी नव्हतो. नमाजापुरता उठायचो, जेवायचो, परत झोपायचो. काउंटरवर असताना मी कधी सलग झोपलो नव्हतो, घंटी वाजली की उठायचं, पण तेव्हाही एवढा थकलेला असल्याचं मला कळलं नव्हतं. ती मला उठवत नव्हती. कपडे धुवायची, गच्चीवर वाळत घालायची, घरमालकिणीकडे जाऊन बसायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मला अर्धवट जाग आली तेव्हा ती दारात बसून मुलीशी फोनवर बोलत होती. मुलीने माझी चौकशी केली असावी.

“अब्बा कामावर गेलेत,” ती म्हणाली. “त्यांच्याशिवाय चालत नाय ना तिथं.”

मी डोळे मिटूनच पडून राहिलो. ऐकून वाईट वाटलं, आणि बरंही. महिनाभरातलं पहिलंच.

राहिलेले आठ दिवस चांगले गेले असं मी म्हणेन. संध्याकाळी आम्ही बाजारात हिंडायचो, तिच्या पायाला झेपेल तेवढं. मी तिला दुकानं दाखवायचो आणि आधी तिथे कोण असायचं ते सांगायचो. अमका मोबाइलवाला महाडचा, तमका श्रीवर्धनचा. ती ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, तुम्ही माणसांचं इतकं बोलू शकता हे मला माहीत नव्हतं, फोनवर तर तुम्ही पैसे पोचले का एवढंच विचारायचात. मी म्हटलं, फोनवर मागे पंप चालू असायचा. तेव्हा ती हसली. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दलही तिने मला त्या गच्चीवरच सगळं सांगितलं. मला ते माहीत आहे असं मी समजत होतो. माहीत नव्हतं.

ती त्या जोडप्याबरोबर परत गेली. माझा खुरूज आणखी अकरा दिवसांनी झाला. तोवर मी त्याच खोलीत राहिलो, स्वतः भात लावायला शिकलो. जायच्या दिवशी हॉटेलवर गेलो तेव्हा काउंटरवर गर्दी होती. बाईने एका हाताने फोन धरला होता, दुसऱ्या हाताने माझ्या दिशेला सलाम केला. मॅनेजर दारापर्यंत आला.

घरी येऊन आता तीन वर्षं झाली. सकाळी मी खाडीवर मासे घ्यायला जातो, दुपारी नारळांना पाणी सोडतो. बायकोच्या पायाला चिपळूणच्या डॉक्टरने व्यायाम सांगितलेत, ते ती करत नाही, मग मला तिच्या मागे लागावं लागतं. गावातले लोक विचारतात, तिकडची आठवण येते का. काउंटरची येत नाही. कधी झोपेतून अचानक उठून बसतो, घंटी वाजली असं वाटून. बायको म्हणते, कोणी नाय आलंय, झोपा. मग मी झोपतो.